मानसिक आजारासह पुन्हा नोकरीवर रुजू होताना : मुंबईतील अनुभव, अडचणी आणि तोडगे

पहाटवारा

नमस्कार. मला बायपोलर विकार (उन्माद, म्हणजे अति उत्साहाचे टप्पे, आणि नैराश्याचे टप्पे येणारा आजार) आहे. दीर्घ रजेनंतर मी फोर्टमधील एका खासगी कार्यालयाच्या लेखा विभागात पुन्हा रुजू झाले असून डोंबिवलीहून रोज ये-जा करते. आजार कसा ओळखावा, औषधे मनाने का बंद करू नयेत, घरच्यांनी कसे वागावे, यांवर मराठीत आता बरेच लिहिले जाते. परंतु डॉक्टरांनी 'आता कामाला लागायला हरकत नाही' असे म्हटल्यापासून माणूस आपल्या टेबलाशी खरोखर स्थिरावेपर्यंत जो काळ जातो, त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. हा काळ काही महिन्यांचा असतो, आणि आजाराच्या ऐन भरात टिकलेली नोकरीही या काळात हातची जाताना मी पाहिली आहे. म्हणून हा धागा.

माझे म्हणणे आधी सांगते. कार्यालयात बोलणी कामाविषयी करावीत, आजाराविषयी नव्हे. माझ्या वरिष्ठांना उन्माद म्हणजे काय आणि नैराश्याचा टप्पा कसा असतो हे समजावून सांगण्यात मी शक्ती घालवली नाही. मी साडेनऊऐवजी अकराला येईन आणि त्या हिशेबाने उशिरापर्यंत थांबेन, तिमाहीअखेरीस हिशेब बंद करताना रात्री जागून काम करणार नाही, तोंडी सांगितलेल्या सूचना मला नंतर ईमेलवर मिळाव्यात आणि ठरावीक काळाने एक सकाळ तपासणीसाठी मोकळी असावी, एवढेच मी लेखी मागितले. कारण म्हणून 'दीर्घकालीन आजार असून उपचार चालू आहेत, झोपेच्या वेळा पाळणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे' हे एक वाक्य लिहिले. आजाराचे नाव लिहिले नाही आणि अद्याप कोणी विचारलेलेही नाही.

यातील प्रत्येक मागणीमागे कारण आहे आणि ते स्वतःला स्पष्ट असले तरच समोरच्यापुढे ठामपणे मांडता येते. बायपोलरमध्ये झोप बिघडणे हे आजाराचे लक्षण तर असतेच, पण तेच आजार उसळण्याचे निमित्तही ठरते. सलग दोन-तीन रात्रींचे जागरण आमच्यासारख्यांना परवडत नाही. सकाळची गोष्ट वेगळी आहे. रात्रीच्या औषधांची गुंगी सकाळी लवकर उतरत नाही आणि त्या अवस्थेत डोंबिवलीहून आठच्या सुमाराची जलद लोकल पकडणे हे केवळ त्रासाचे नाही, धोक्याचेही आहे. दारात लोंबकळणाऱ्या गर्दीत अर्धवट झोपेतल्या माणसाने शिरू नये. गर्दी ओसरल्यावर, बसायला जागा मिळण्याची थोडी तरी शक्यता असलेल्या गाडीने आले की मी कार्यालयात पोहोचते तेव्हा माझ्यात काम करण्याइतके बळ शिल्लक असते.

लिथियम (बायपोलरमध्ये मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिले जाणारे औषध) घेणाऱ्यांसाठी थोडे अधिक लिहिते, कारण हे मला कोणी एका जागी सांगितले नव्हते. रक्तातील लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी घेतलेल्या नमुन्यावरून नीट कळते. रात्री नऊला गोळी घेणाऱ्याला सकाळी नऊला प्रयोगशाळेत हजर राहावे लागते, म्हणजे त्या दिवशीचा उशीर ठरलेलाच, आणि तो आधी सांगून ठेवलेला बरा. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्याही अधूनमधून कराव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यांत घामावाटे अंगातील पाणी आणि मीठ कमी झाले की ही पातळी वाढू शकते. त्यामुळे गाडीत आणि टेबलावर पाण्याची बाटली हवीच, आणि जेवणातले मीठ एकाएकी तोडू नये. डोके दुखते म्हणून शेजारच्या टेबलावरून मिळालेली आयब्युप्रोफेनची गोळीही पातळी वाढवू शकते, म्हणून वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. हात किंचित थरथरतात, हे चहाचा कप उचलताना सहकाऱ्यांच्या लक्षात येते. 'औषधामुळे होते' एवढे उत्तर पुरेसे असते.

आपण कोणाला काय सांगितले, काय मागितले, काय मिळाले, हे कृपया लिहावे. सरकारी नोकरीतील आणि कारखान्यातील अनुभव मला ठाऊक नाहीत, ते वाचायला विशेष आवडेल.

गच्ची

पहाटवारा, आपण फार नेमके लिहिले आहे, तरीही मुख्य मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. कामाविषयी मागणी केली की 'का?' हा प्रश्न येतोच, आणि प्रश्न विचारणारा माणूस मायेने विचारत असला की उत्तर टाळणे अधिकच कठीण होते. मी अंधेरीतील एका माहिती तंत्रज्ञान कंपनीत काम करतो. तीव्र नैराश्याच्या उपचारांनंतर परतलो तेव्हा वरिष्ठांना आजाराचे नाव सांगितले. त्यांनी अत्यंत आपुलकीने ऐकून घेतले. त्यानंतर ग्राहकांशी होणारी माझी संभाषणे 'तुम्हाला ताण नको' म्हणून दुसऱ्याकडे गेली. पुढे नव्या प्रकल्पातून नाव वगळले गेले, तेही 'आत्ता सावकाश घ्या' असे सांगून. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मात्र जबाबदारीचे काम केले नाही, अशी नोंद झाली. या साऱ्यात कोणीही माझ्याशी वाईट वागले नाही, आणि म्हणूनच तक्रार करावी तरी कशाची, हे मला कळेना.

आणखी एक गोष्ट घडली. बैठकीत मी आवाज चढवला, किंवा नुसता गप्प राहिलो, तरी सहकारी एकमेकांकडे पाहू लागले. इतरांना रागावण्याची मुभा आहे, माझा राग मात्र लक्षण ठरतो. त्यामुळे माझा सल्ला असा की खासगी नोकरीत, जोवर अडत नाही तोवर, काहीही सांगू नये.

कार्यालयीन

मी मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काम करते आणि टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते लिहिते. गच्ची यांच्याबाबतीत जे झाले ते मी पाहिलेले आहे. वरिष्ठाच्या मनात बहुधा आकस नसतो, भीती असते: ऐन कामाच्या वेळी पुन्हा त्रास झाला तर? आणि या भीतीवर कोणी त्याच्याशी उघडपणे बोलत नाही, म्हणून तो आपल्या मनाने उपाय करतो आणि काम काढून घेतो. त्यामुळे परत येणाऱ्या व्यक्तीने जसे 'मला हे हवे' असे लिहावे, तसेच 'हे काम माझ्याकडेच राहावे' हेही त्याच पत्रात लिहावे. सवलतींची यादी दिली आणि जबाबदाऱ्यांची दिली नाही, तर वाचणारा त्यातून एकच अर्थ काढतो.

रुजू होताना आम्हाला कागद म्हणून लागतो तो कामासाठी सक्षम असल्याचा वैद्यकीय दाखला. त्यावर निदान लिहिलेच पाहिजे असे नाही. 'अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास सक्षम, पहिले काही आठवडे कामाचे तास मर्यादित असावेत, रात्रपाळी टाळावी' एवढा मजकूर पुरतो. मनोविकारतज्ज्ञांचा शिक्का असला की शिक्क्यावरूनच अंदाज बांधला जातो, हे खरे आहे. काही जण म्हणूनच नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून दाखला आणतात. ते डॉक्टर उपचारांची माहिती असलेले असतील तर त्यात काही गैर नाही.

रजेबाबत एक वस्तुस्थिती. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्रात जो २०१७ चा कायदा आहे, तो लागू असलेल्या आस्थापनांत वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आणि कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा मिळते, व ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा हा पुष्कळ कंपन्यांचा स्वतःचा नियम असतो, कायद्याचा नव्हे. म्हणून परतल्यावर साठलेली रजा एकदम न संपवता तिचे अर्धे अर्धे दिवस करून पहिल्या दोन महिन्यांत वापरता येतील का, हे विचारावे. आमच्याकडे ही व्यवस्था चालली आणि विभागप्रमुखालाही ती सोयीची वाटली, कारण कोणत्या दिवशी माणूस किती वेळ हजर असेल हे त्याला आधी ठाऊक असते.

शांतनदी

कार्यालयांविषयीची चर्चा वाचली. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो भांडुपच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करत असे. त्याच्यासारख्यांना ईमेल, प्रकल्प, मूल्यमापन यांपैकी काहीच लागू होत नाही. गैरहजेरी वाढली की नाव पटावरून जाते, एवढाच तिथला व्यवहार.

आम्हाला सावरून धरले ते कर्मचारी राज्य विमा योजनेने (ईएसआय), आणि ही माहिती कामगार वस्त्यांत पोहोचलेली नाही म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांचे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे (दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे) आणि ज्यांच्या पगारातून या योजनेची वर्गणी कापली जाते, त्यांना साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यापुढे, दीर्घकालीन आजारांची जी ठरलेली यादी आहे, त्यांतील आजार असेल तर ८० टक्के दराने वाढीव आजारपण लाभ मिळतो आणि तो विशेष बाब म्हणून २ वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबर या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, तीव्र नैराश्याचा एक प्रकार आहे आणि पूर्वी ज्याला मॅनिक डिप्रेसिव्ह म्हणत तो आजारही, म्हणजे बायपोलर, आहे. अट अशी की विमा असलेली नोकरी सलग २ वर्षे झालेली असावी आणि वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले असावेत. त्यामुळे 'त्याला बरे वाटेपर्यंत घरी बसू दे, नंतर पाहू' असे म्हणून नोकरीचा राजीनामा लिहून देण्याआधी पगाराची पावती काढून त्यावर ही वर्गणी दिसते का ते पाहावे. मुलुंडला आणि परळला या योजनेची रुग्णालये आहेत. आपल्या भागातील दवाखान्यामार्फत कागद पुढे जातात आणि मुदतीचे दाखले वेळच्या वेळी सादर करावे लागतात, त्यात खंड पडू देऊ नये.

आता परतण्याविषयी. भास थांबले, संशय गेला, औषध लागू पडले, आणि घरच्यांना वाटले की आता तो पूर्वीसारखा होईल. पण या आजारात भासांखेरीज दुसरीही बाजू असते. उत्साह न वाटणे, आपणहून काही सुरू न करणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे. भासांपेक्षा ही लक्षणे औषधांना कमी दाद देतात. आमच्या चाळीत याला सगळे आळस म्हणत, आणि आईसुद्धा म्हणे. तो सांगितलेले काम व्यवस्थित करतो, परंतु ते संपल्यावर पुढचे काय, हे त्याला आपणहून सुचत नाही. जुन्या यंत्रावर सतत निर्णय घ्यावे लागत, वेगही जपावा लागे, म्हणून तिथे तो परतू शकला नाही. त्याच कारखान्यात आता तो पॅकिंगमध्ये आहे. दिवसाच्या सुरुवातीला कामांचा क्रम त्याला कागदावर लिहून मिळतो आणि तो कागद हे त्याच्यासाठी एखाद्या गोळीइतकेच महत्त्वाचे साधन आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. हे मला बोचते, त्याला किती बोचते हे तो सांगत नाही.

डोंगरवाट

मी राज्य शासनाच्या सेवेत मुंबईत आहे. सरकारी नोकरीत माणूस सुरक्षित असतो हे खरे. अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित आणि शेवटी असाधारण, अशा रजा एकामागून एक जोडता येतात आणि मी त्या जोडल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेतून काढून टाकता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. तो त्या पदासाठी योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, आणि तसे पद रिक्त नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्त जादा) पद निर्माण करून त्याला सामावून घ्यावे लागते. माझे वेतन एका रुपयानेही कमी झाले नाही.

परंतु मला ज्या शाखेत बसवले गेले तिथे माझ्याकडे नस्ती (कामाची फाइल) येतच नसे. दिवसभर खुर्चीवर बसून राहायचे, सही करायची आणि निघायचे. गच्ची यांनी जे लिहिले त्याचेच हे सरकारी रूप. रिकामे बसणे मनाला फार घातक असते, विशेषतः ज्याला रुग्णालयात महिनोन्महिने रिकामे बसावे लागले आहे त्याच्या मनाला. शेवटी मी लेखी विनंती केली की मला टिपणी लिहिण्याचे काम द्यावे, सुरुवातीला साध्या विषयांचे द्यावे, आणि ते कक्ष अधिकाऱ्यांनी तपासावे. विनंती मान्य झाली. वेतनाला संरक्षण आहे तसे कामालाही असायला हवे, असे मला अगदी मनापासून वाटते, आणि ते आपण मागितल्याशिवाय मिळत नाही.

न्यायवाट

मी वकील आहे. चर्चेत आलेल्या कायद्यांबाबत काही गोष्टी स्पष्ट करतो.

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि मानसिक आजार त्यांपैकी एक आहे. डोंगरवाट यांनी सांगितलेले कलम २० चे संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे. खासगी आस्थापनांना ते जसेच्या तसे लागू नाही. मात्र कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून ते प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, आणि २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी दिल्या जातील हेही नमूद करावे लागते. आपल्या कंपनीचे धोरण मागून घ्यावे. पुष्कळदा ते एखाद्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पडलेले असते आणि खुद्द विभागप्रमुखांनाही त्याची कल्पना नसते. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांगत्वामुळे कामात लागणारा रास्त बदल, नाकारणे हे या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भेदभावातच मोडते. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

दिव्यांगत्वाच्या ४० टक्क्यांच्या दाखल्याबाबत मोठा गैरसमज आहे. शासकीय नोकरीतील आरक्षण यांसारख्या लाभांसाठी ४० टक्के, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व, लागते. भेदभावापासून संरक्षण मिळण्यासाठी टक्केवारीची ही अट नाही. मानसिक आजाराचे मूल्यमापन करताना स्वतःची काळजी घेणे, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी पाहिल्या जातात, शिवाय आजार किती काळ आहे हेही धरले जाते. दाखला काढायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. तो काढला म्हणून कार्यालयाला दाखवलाच पाहिजे असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असे म्हटले आहे की, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई होण्याची शक्यता त्या दिव्यांगत्वामुळेच इतरांपेक्षा अधिक असते, त्यामुळे अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. आजाराच्या काळातील वर्तनावरून ज्यांना ज्ञापन (मेमो) मिळाले आहे, त्यांनी हा निकाल आपल्या वकिलांच्या नजरेस आणावा.

गोपनीयतेबाबत: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम २३ उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन घालते. कार्यालयातून डॉक्टरांना दूरध्वनी करून 'यांना नेमके काय झाले आहे' असे विचारले गेल्यास आपल्या संमतीशिवाय डॉक्टरांनी ते सांगता कामा नये. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यायचे आहे. मात्र स्वतःची वैयक्तिक पॉलिसी घेताना प्रस्तावात आजार लपवू नये, कारण तो लपवल्याच्या मुद्द्यावर दावा फेटाळला जाऊ शकतो. वरिष्ठांना काय सांगावे आणि विमा कंपनीला काय सांगावे, हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत.

सातचीलोकल

मी वयाने लहान आहे, चूक असल्यास सांभाळून घ्यावे. मला ओसीडी (नको ते विचार पुन्हापुन्हा येणे आणि त्याच त्या कृती कराव्या लागणे) आहे. उपचारांमुळे आता बराच फरक आहे, पण पदवीनंतर मधली काही वर्षे रिकामी गेली. परतण्यासाठी माझ्याकडे जुनी नोकरीच नाही. मुलाखतीत 'या काळात काय करत होता?' असे विचारले की घसा कोरडा पडतो. खोटे बोलणे मला जमत नाही आणि खरे सांगितले तर पुन्हा बोलावणे येत नाही. अशा वेळी काय करावे?

परळनाका

मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम केले आहे. आधी सातचीलोकल यांच्या प्रश्नाविषयी लिहिते. 'प्रकृतीच्या कारणाने थांबलो होतो, उपचार घेतले, आता काम करू शकतो' हे पूर्ण खरे उत्तर आहे, त्यात लपवाछपवी नाही. त्यापुढे लगेच, अलीकडे काय केले ते सांगावे: एखादा अभ्यासक्रम, नातेवाइकांच्या दुकानातील हिशेब, शिकवण्या, काहीही, पण नियमित केलेले. उत्तर मोठ्याने म्हणून पाहावे, शक्य असल्यास दुसऱ्या कोणासमोर. आधी महिनोन्महिने प्रशिक्षण आणि मगच नोकरी, हा क्रम आवश्यकच आहे असे नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना आधी खऱ्या, पगारी कामावर लावून देणे आणि तिथे त्यांच्यामागे आधार उभा करणे, ही पद्धत अमेरिकेत १९९० च्या दशकात विकसित झाली आणि अनेक देशांतील अभ्यासांत ती जुन्या क्रमापेक्षा सरस ठरली आहे. आपल्याकडे असा आधार देणाऱ्या व्यवस्था फार थोड्या आहेत. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मराठीतून मानसिक आरोग्याचे काम करते आहे, तिथे चौकशी करून पाहावी.

सर्वांसाठी औषधांविषयी दोन शब्द. कामावर परतल्यानंतरचे पहिले काही महिने औषध सुटण्याच्या दृष्टीने जोखमीचे असतात. एक तर बरे वाटत असते, दुसरे म्हणजे सकाळी गुंगीमुळे काम उरकत नाही, म्हणून माणूस रात्रीची गोळी आपणच अर्धी करतो. गुंगी येते हे डॉक्टरांना सांगा. मात्र 'झोप येते' एवढे न सांगता 'सकाळी साडेसातला निघावे लागते आणि दहापर्यंत डोळे उघडत नाहीत' असे सांगा. गोळीची वेळ संध्याकाळकडे सरकवणे, मात्रा विभागणे, औषध बदलणे असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. पालिकेच्या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, डॉक्टरांना एका रुग्णासाठी थोडीच मिनिटे मिळतात, म्हणून नोकरीच्या वेळा आणि प्रवास केसपेपरसोबत एका चिठ्ठीवर लिहून न्यावेत. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरील एक औषध) सुरू असणाऱ्यांना सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. त्या काळात नव्या नोकरीवर रुजू होणे शक्य असल्यास पुढे ढकलावे, किंवा तपासणीची सोय कार्यालयाजवळ करून घ्यावी.

आणखी एक सुचवते. आपला आजार पुन्हा डोके वर काढू लागला तर प्रथम काय बदलते, हे शांत असतानाच लिहून ठेवावे. कोणाची झोप उडते, कोणी रात्री-अपरात्री लांबलचक ईमेल लिहू लागतो, कोणी डबा न खाता तसाच परत आणतो. हा कागद घरच्या एका व्यक्तीकडे आणि डॉक्टरांकडे असावा. कार्यालयात पूर्ण विश्वासाचे कोणी असेल तर त्यांना त्यातील एखादेच चिन्ह सांगावे, म्हणजे इतरांनी प्रत्येक रागावर लक्ष ठेवण्याऐवजी एक माणूस एका गोष्टीकडे पाहील. रात्री अगदीच असह्य झाले तर टेलिमानस ही शासनाची २४ तासांची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतून बोलता येते.

गच्ची

कार्यालयीन आणि डोंगरवाट यांचे प्रतिसाद वाचून मी माझ्या भूमिकेचा पुन्हा विचार करतो आहे. आजार उघड झाल्यावर मी गप्प राहिलो, म्हणजे काय काढून घेतले गेले हे मी कधी लेखी मांडलेच नाही. न सांगणाऱ्यांसाठी न सांगणे योग्य असेल, पण माझ्यासारख्या, ज्यांचे आधीच सर्वांना कळले आहे, त्यांनी काय लिहावे? पहाटवारा, आपण आपल्या पत्राचा नमुना देऊ शकाल का?

पहाटवारा

अवश्य. आपल्या परिस्थितीला धरून, इथे आलेल्या सूचना घेऊन एक मसुदा करते. इतरांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात.

'महोदय, वैद्यकीय रजेनंतर मी कामावर रुजू झालो असून माझे उपचार नियमित चालू आहेत. रुजू होण्यापूर्वी ग्राहकांशी थेट संवाद आणि नव्या प्रकल्पांचे नियोजन ही कामे माझ्याकडे होती. माझ्या प्रकृतीच्या काळजीने ती तात्पुरती इतरांकडे देण्यात आली, त्याबद्दल मी आभारी आहे. ही कामे मी आता करू शकतो आणि ती टप्प्याटप्प्याने माझ्याकडे परत द्यावीत अशी विनंती आहे. या महिन्यात एका ग्राहकाचे काम माझ्याकडे द्यावे आणि महिनाअखेरीस आपण त्याचा एकत्र आढावा घ्यावा, असे सुचवतो. काम नीट पार पडण्यासाठी मला पुढील सोयी आवश्यक आहेत: सकाळी अकराची उपस्थिती, रात्री नऊनंतर बैठक नसणे आणि तपासणीसाठी पूर्वसूचनेने अर्धा दिवस. मी कमी काम करावे असे आपणांस कधी वाटल्यास, तसा निर्णय घेण्यापूर्वी माझ्याशी बोलावे, ही नम्र विनंती. कळावे.'

हे ईमेलने पाठवून प्रत मनुष्यबळ विभागाला द्यावी. मूल्यमापनाच्या आधी निदान एक तिमाही हाती राहील अशा बेताने पाठवले, तर परत मिळालेले काम नोंदीत दिसेल. 'आभारी आहे' हे वाक्य ठेवायचे की नाही, ते आपण ठरवावे. मी ते ठेवले असते, कारण त्यामुळे काम काढून घेतले गेले ही गोष्ट वाद न होता कागदावर येते. न्यायवाट, समान संधी धोरणाचा उल्लेख याच पत्रात करावा, की उत्तर समाधानकारक न आल्यास दुसऱ्या पत्रात?

न्यायवाट

दुसऱ्या पत्रात. पहिले पत्र असेच राहू द्यावे. मात्र धोरणाची प्रत आजच मागून ठेवावी, आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची वाट पाहावी. तोंडी उत्तर मिळाल्यास 'आज आपण असे सांगितलेत' एवढे त्याच दिवशी ईमेलवर कळवावे. डोंगरवाट यांच्यासारख्या सरकारी नोकरीत असलेल्यांनी अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.